मदत हवी आहे: कॉलनीची कोजागिरी केटररला द्यायची नाही, पण कामाला माणसं कशी उभी करू?

कळंबारोडकर

नमस्कार. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आमची कॉलनी आहे. जुने बंगले, त्यांच्यात नव्यानं झालेली तीन अपार्टमेंट, मध्ये ओपन स्पेस आणि त्यात दत्ताचं देऊळ नि पत्र्याचा हॉल. मंडळ नोंदणीकृत आहे, यंदा सचिवपद माझ्याकडं आलंय. येत्या रविवारी सभा आहे. त्याआधी हे सगळं करून बसलेल्या लोकांचा सल्ला हवा आहे.

आमच्याकडं वर्षाचे कार्यक्रम ठरलेले. २६ जूनला शाहू जयंती, आषाढात त्र्यंबोलीची (टेंबलाईची) जत्रा, गणपती, गौरीच्या वेळी बायकांची झिम्मा-फुगडी, मग कोजागिरी, संक्रांतीनंतर हळदी-कुंकू. गर्दी चांगली होते. कोजागिरीला तर भाडेकरू, पाहुणे धरून दोनशे माणूस सहज जमतं. पण सतरंज्या अंथरण्यापासून पातेली घासण्यापर्यंत राबणारी घरं तीच पाच-सहा. त्यातले आण्णा आणि तात्या आता सत्तरीच्या पुढं गेलेत. आण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी माळा बांधायला शिडीवर तेच चढतात. भट्टीपुढं उभ्या राहणाऱ्या काकूही दरवर्षी त्याच. दूध वाटून होतं तोवर त्यांच्या वाट्याला तळातला गार झालेला अर्धा पेला उरतो. मला हे बघवत नाही.

गणपतीनंतरच्या बैठकीत एका सभासदांनी सूचना मांडली की कोजागिरीपासून सगळे कार्यक्रम केटरर आणि इव्हेंटवाल्यांना देऊन टाकायचे आणि वर्गणी दुप्पट करायची, म्हणजे कुणालाच त्रास नको. लगेच बऱ्याच माना हलल्या. त्यांचं म्हणणं मला कळतं, दमलेल्या माणसाला सुटका हवीच असते. तरी हा ठराव होऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला कारण २०१९ चा ऑगस्ट.

त्या महापुरात आमच्या कॉलनीत पाणी आलं नाही, आम्ही उंचावर. पण बाळिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ महामार्ग बंद, त्यामुळं पेट्रोल नाही, भाजी नाही. दुपारी कुणीतरी सांगत आलं की जवळच्या शाळेत पूरग्रस्त आणून ठेवलेत, भाकरी पाहिजेत. अंधार पडायच्या आत आमच्या हॉलमधून भाकरीची गाठोडी निघाली होती. मोठे तवे कुणाकडं, बोअर कुणाची चालू आहे, गणपतीची भट्टी कुठल्या खोलीत ठेवलीय, किल्ली कुणाकडं, टेम्पो कुणाचा, यातलं काही विचारावं लागलं नाही. महाप्रसादाला ज्याची जी जागा, तिथं तो येऊन उभा राहिला. २०२१ च्या जुलैतही तसंच झालं. त्यानंतर अपार्टमेंटमध्ये कितीतरी नवीन कुटुंबं आली आहेत. उद्या पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, तर त्यांतल्या कुणाला हाक मारायची हेसुद्धा आम्हाला माहीत नाही. कार्यक्रम पूर्ण बाहेर दिले तर ते कधी कळणारही नाही.

आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर 'उद्या सकाळी ८ वाजता श्रमदान, सर्वांनी यावे' असा मेसेज टाकतो. अंगठे येतात, जोडलेले हात येतात, माणसं येत नाहीत. न येणाऱ्यांना दंड लावा असंही कुणी सुचवलं होतं. ते मला अजिबात पटत नाही. शेजाऱ्याच्या दारात दंडाची पावती घेऊन मी जाणार नाही.

तर विचारायचं ते हे. नवीन आणि भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबांना कामात कसं सामील करून घ्यायचं, की आपल्याला राबवून घेतात असं त्यांना वाटणार नाही? स्वयंपाक आणि भांडी दरवेळी बायकांच्याच गळ्यात पडतात, त्यावर तुमच्याकडं काय केलंत? आठवी-नववीनंतर मुलं कार्यक्रमातून दिसेनाशी होतात, त्यांचं काय? आणि सभेत या ठरावाला विरोध करायचा तर इतकी वर्षं राबलेल्या माणसांना न दुखवता कसा करायचा?

मंगळवारपेठी

ताई, 'सर्वांनी यावे' म्हटलं की कुणीच येत नसतंय. त्या 'सर्वां'त आपण आहे असं कुणाला वाटतच नाही.

आमच्या तालमीत, म्हणजे पेठेतल्या मंडळात, 'येणार काय' असं कुणी कधी विचारलेलं मला आठवत नाही. पोरगं पाचवी-सहावीत गेलं की पंगतीत त्याच्या हातात पाण्याचा जग येतो. दोन-तीन वर्षांनी मीठ, लिंबू, चटणी. मग भात. मिसरूड फुटायला लागलं की रश्श्याची बादली, आणि बादली मिळाली त्या दिवशी पोरगं घरात सांगत सुटतंय. वर्गणीचं पावती पुस्तक त्याच्याही पुढं, ते विश्वासाचं काम. फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर संघाचं सामान कुणी न्यायचं तेसुद्धा ठरलेलं असतंय. कॉलनीत कसं होतंय, पोरगं बारकं असताना फॅन्सी ड्रेसमध्ये स्टेजवर, आणि नंतर एकदम 'युवकांनी पुढे यावे'. मधल्या वर्षांत त्याला कामच काही नाही. मग ते जातंय निघून. तुमच्या आठवी-नववीच्या प्रश्नाचं उत्तर पाचवीत आहे बघा.

दुसरं असं की तुमच्या कॉलनीतलीच बापई माणसं एकदा शेतावर रस्सा मंडळाला, म्हणजे रस्सा करून खायला, गेलेली बघा. कांदा कोण चिरणार, खोबरं कोण भाजणार, चुलीपुढं कोण बसणार, सगळं बिनबोभाट. आणि तीच माणसं हॉलमध्ये खुर्चीवर बसून राहतात. आळशी आहेत म्हणून नाही, तिथं त्यांची जागा कुठली ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतंय. एकेकाला नाव घेऊन फोन करा आणि एकच काम सांगा. "दादा, कोजागिरीला संध्याकाळी सहा वाजता दूध आणायला तुमची गाडी लागणार, तात्या बरोबर येतील." एवढंच. तोंडावर नाही म्हणणारा माणूस आपल्या गावात लवकर सापडत नाही.

भाड्याचं घर

मी अशाच एका कॉलनीत भाड्यानं राहते, शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला. आमच्या बाजूनंही सांगावंसं वाटलं.

आम्हाला काम करायचं नसतं असं नाही. प्रत्येक सूचनेवर 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' असं लिहिलेलं असतं, आणि आम्ही सभासद नाही. वर्गणीला आलेली मंडळी पावतीवर घरमालकाचं नाव लिहितात. पैसे आम्ही देतो, नाव त्यांचं. मग कार्यक्रमाला जायचं तरी संकोच वाटतो. आम्ही उशिरा जातो, प्रसाद घेतो आणि परत येतो. माझे मिस्टर साउंडचं काम उत्तम जाणतात. दरवर्षी माईक शिट्टी मारायला लागला की ते खुर्चीत अस्वस्थ होतात, पण अनोळखी ठिकाणी उठून मशीनला हात कसा लावायचा?

पहिल्या वर्षी समोरच्या वहिनींनी गौरी-गणपतीत रांगोळी काढायला हाक मारली होती. त्या एका हाकेमुळं त्यांच्या घराशी आमचं आजही जाणंयेणं आहे. पावतीवर आमचं नाव लिहा, आणि दारात याल तेव्हा पैशांच्या आधी 'तुम्हाला काय करायला आवडतं' हे विचारा. बाकी काही लागत नाही.

सुतारवाडा

पाणी वाढलं की पहिल्यांदा आमच्याकडं शिरतं. २०१९ ला अशाच कुठल्यातरी कॉलनीतून आलेली भाकरी आम्ही खाल्ली आहे. पेपरात गुंडाळलेली, आत खरडा. कुणी केली ते आजतागायत कळलं नाही. ताई, सभेत हे सांगा. माझ्या वतीनं सांगा.

निवृत्त खजिनदार

बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे म्हणून थोडं वेगळं मत मांडतो. केटररला सरसकट विरोध करू नका. सत्तरीच्या माणसांनी भट्टीपुढं तीन तास उभं राहायचं, आणि त्याला आपण एकोपा म्हणायचं, हे बरोबर नाही. ठराव फेटाळण्याऐवजी त्यात दुरुस्ती सुचवा. दूध आटवायला एक आचारी आणि भांडी घासायला दोन मावशी, त्यांची रोख मजुरी मंडळानं द्यायची. खरेदी, सजावट, वाढप, मुलांचे खेळ आणि आवराआवर आपल्याकडं ठेवायची. ज्या कामात माणसं दमतात ते बाहेर द्या, ज्या कामात माणसं भेटतात ते घरात ठेवा. वर्गणी थोडीफार वाढेल, दुप्पट करायची गरज पडणार नाही. ज्यांनी सूचना मांडली त्यांनाच आचारी ठरवायचं काम द्या, म्हणजे त्यांचाही मान राहील.

दोनशे माणसांचा अंदाज सांगतो. पेला १५० मिलीचा धरला तर ३० लिटर लागतं. आटेल, सांडेल, कुणी दुसऱ्यांदा मागेल, म्हणून दाट म्हशीचं ४० लिटर आणा. साखर चार किलोच्या आत ठेवा आणि मधुमेहींसाठी एक लहान पातेलं बिनसाखरेचं आधीच बाजूला काढा. ते कुणाच्या लक्षात राहत नाही आणि मग आमच्यासारखी माणसं नुसती चंद्राकडं बघत बसतात.

पैशाबद्दलही बोलतो. तुमचं मंडळ नोंदणीकृत आहे हे बरं. नोंदणी नसलेल्या मंडळांना वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. पण नोंदणी असली तरी हिशोब ऑडिटपुरता दडवून ठेवू नका. कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत जमाखर्चाचा कागद हॉलच्या फलकावर लावा, बिलांसकट. नवीन माणूस कामाला का येत नाही, याचं अर्धं उत्तर तिथं असतं. पैसा कुठं जातो ते दिसलं की माणूस हातही लावतो.

आणि रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, २००० सालापासूनचा नियम आहे. वर्षातल्या काही ठराविक दिवसांना १२ पर्यंत सूट मिळते. ती यादी जिल्हाधिकारी जाहीर करतात, आधी बघून घ्या. चंद्र माथ्यावर यायला वेळ लागतो, तेव्हा कार्यक्रमाची आखणी त्या हिशोबानं करा.

काटवट काणा

ताई, बायकांच्या प्रश्नावर बोलते. काम घराच्या नावानं देऊ नका, माणसाच्या नावानं द्या. 'अमुक यांचे घर: भांडी' असं लिहिलंत की त्या घरातून वहिनीच येणार, हे लिहून ठेवा. आमच्याकडं तीन वर्षांपूर्वी यादीवर पुरुषांची नावं वाढपात आणि आवराआवरीत घातली, आणि पहिली पंगत भट्टीवरच्या बायकांची बसवली. पहिल्या वर्षी थोडी कुजबुज झाली. आता पुरुषच सांगतात, आधी तुम्ही बसून घ्या.

अपार्टमेंटमधल्या बायकांशी ओळख करायला झिम्मा-फुगडीसारखं दुसरं काही नाही. ज्यांना काहीच येत नाही त्यांना मुद्दाम बोलवा. आमच्याकडं बेळगावकडच्या एक जण आहेत, एक जण थेट उत्तर प्रदेशातल्या. आमच्या थोरल्या मावशींनी त्यांना सूप नाचवायला आणि घागर घुमवायला शिकवलं, गौरीच्या आधी पंधरा दिवस रोज जेवणं झाल्यावर हॉलमध्ये. मावशींना एरवी दिवसभर बोलायला कुणी नसतं. त्या पंधरा दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते बघायला आम्ही लवकर जाऊन बसायचो.

कळंबारोडकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री हे प्रतिसाद मी आमच्या काकूंना वाचून दाखवले. सुतारवाड्याचा प्रतिसाद ऐकून त्यांनी डोळ्याला पदर लावला. त्या दिवशीचा खरडा त्यांनीच कुटला होता. ती भाकरी आमचीच असेल असं मी म्हणत नाही, तेव्हा अर्ध्या गावानं भाकरी केल्या होत्या. पण खाणाऱ्याकडून असं काही पहिल्यांदाच त्यांच्यापर्यंत पोहोचलं.

खजिनदार काका, दुरुस्तीची कल्पना मला एकदम पटली. आचारी आणि मावशी बाहेरच्या, बाकी आपलं, असंच मांडते. बिनसाखरेचं पातेलं यादीत सगळ्यात वर लिहिलंय.

मंगळवारपेठी दादा, नाव घेऊन फोन करायचा हे पटलं. पण सगळे फोन मीच केले, तर पुढच्या वर्षी सचिव बदलला की गाडी परत तिथंच. आणि आण्णांचं काय करू? शिडीवर चढू नका म्हटलं तर ते कार्यक्रमालाच येणार नाहीत, इतके मानी आहेत.

मंगळवारपेठी

ताई, जोड्या लावा. प्रत्येक कामाला एक जुना, एक नवा. फोन जुन्यानं नव्याला करायचा, म्हणजे तुमच्या डोक्यावर राहत नाही. पुढच्या वर्षी नवा तो जुना होतोय. आमच्याकडं आषाढातल्या जत्रेला पी ढबाकवाले वाजंत्री सांगण्यापासून ते टेंबलाईच्या टेकडीवर पोचेपर्यंत सगळं असंच चालतंय.

आण्णांना शिडीवरनं उतरवा, कामावरनं उतरवू नका. मांडवात मध्यभागी खुर्ची टाका आणि दोन पोरं त्यांच्या हाताखाली द्या. "आण्णा, यांना गाठ मारायला शिकवा, यांना काही येत नाही." बास. दिवसभर उठणार नाहीत.

कळंबारोडकर

हे जमेल. अपार्टमेंटमधली दोन अकरावीची मुलं माझ्या डोळ्यांसमोर आहेत, आज संध्याकाळीच त्यांच्या घरी जाते. भाडेकरूंच्या पावत्यांवर त्यांचीच नावं घालायचं अध्यक्षांनी मान्य केलंय, त्याला सभेची वाट बघायची नाही असं ठरलं. जोड्यांचा कागद तात्या आणि मी मिळून करतोय, तो हॉलच्या फलकावर लागेल.

एकच अडलंय. १० नंतर माईक बंद, आणि दूध वाटायला साडेअकरा तरी होणार. त्या दीड तासात आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना बसल्या जागी, बिनमाईकचे खेळता येतील असे कुठले खेळ तुमच्याकडं घेता? भेंड्या सोडून सांगा, त्या होतातच.