पोट हललं की श्रद्धाही हलते?

पोट हललं, म्हणजे रोजीरोटी गेली, की देवावरची श्रद्धाही हलते, असं एकांनी ठासून लिहिलंय. सोलापुरात तरी मला उलटंच दिसलं. १८७७ सालची जुनी गिरणी बंद पडली, पुढे बाकीच्यांचे भोंगेही थांबले. आमच्या चाळीतले एक काका गिरणी सुटल्यावर यंत्रमागावर लागले. चादरी विणायच्या, हातात पूर्वीपेक्षा बरंच कमी यायचं. पण संक्रांत जवळ आली की ट्रंकेतली पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, बाहेर निघायची. काकू ती नीळ घालून धुवायच्या, बंद तुटले असतील तर शिवायच्या. मग काका ग्रामदैवत सिद्धरामेश्वराच्या यात्रेत, सातपैकी एका नंदीध्वजामागे (मिरवणुकीतल्या उंच, सजवलेल्या काठीमागे) अनवाणी, गावातल्या ६८ शिवलिंगांच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर.

"सिद्धरामेश्वरानं काय दिलं ओ तुम्हाला?" काकूंनी एकदा वैतागून विचारलं.

"मागायला जातोय का मी?"

(एवढी निष्ठा त्यांनी युनियनच्या सभांना दाखवली असती तर, असं माझ्या मनात येतंच. असो.)

त्यांचा मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे. देवळात फारसा जात नाही, पण संक्रांतीच्या याच यात्रेला, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेला, रजा मिळाली नाही तर बिनपगारी येतो. याला श्रद्धा म्हणायचं की सवय, ते असं ठासून लिहिणाऱ्यांनीच सांगावं.