अखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी रेकॉर्ड करतोय, मावशीला हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज दोनदा ऐकू येतो

मंडपवाला, अमळनेर
राम राम मंडळी. लग्नात साउंड लावणं हा माझा धंदा. रेकॉर्डिंगमध्ये मात्र कोरा आहे. मावशीला गौराईची, झोक्यावरची भरपूर गाणी पाठ आहेत. तिच्याबरोबर गाणाऱ्या बायकांपैकी आता दोघीच उरल्या, म्हणून यंदा अखाजीच्या आधी सगळी उतरवून ठेवायचं मनावर घेतलंय.

सामान असं: जुना लॅपटॉप, त्यावर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर, माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणारा दोन इनपुट-दोन आउटपुटचा इंटरफेस. हेडफोनच्या एकाच जॅकला वाय लावून दोन हेडफोन काढलेत. एक मावशीला, एक ढोलकीवाल्या भाच्याला. तो शेजारच्या खोलीत दार लावून बसतो. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो, 1024 सॅम्पलचा.

मावशीनं हेडफोन घातला आणि पहिल्याच कडीला थांबली. “भो, मना आवाज माले दोनदा आयकू येस.” दुसरं म्हणजे भाच्याला क्लिक (तालाची टकटक) मोठा लागतो, आणि तो वाढवला की मावशी गायचीच बंद होते. काल म्हणाली, “ते टकटक बंद कर, मी काय घड्याळ शे का?”

स्टेजवर गायक हाताने खूण करतो, मी त्याचा मॉनिटर वरखाली करतो, विषय संपला. इथे नेमकं काय वरखाली करायचं तेच कळेना. त्यात माइकमध्ये आवाज जातो म्हणून कूलर बंद ठेवावा लागतो. बाहेर 44 डिग्री. दोन टेक झाले की मावशी पदर घेऊन ओट्यावर जाऊन बसते.

चाळीसगावकर, सध्या पुणे
बफर 128 करा, प्रश्न मिटेल.

मंडपवाला, अमळनेर
केलं भाऊ. पापड भाजल्यासारखी तडतड येते.

मिक्सरवाला, धुळे
बफरचा नाद सोडा. तुमच्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण चालू असणार, आणि रीपरच्या ट्रॅकवर रेकॉर्ड मॉनिटरिंगही चालू असणार. म्हणजे एकच आवाज दोन वाटांनी येतोय. एक वाट माइकमधून इंटरफेसमधून थेट कानात. दुसरी लॅपटॉपमध्ये जाऊन परत. 44.1 किलोहर्ट्झला 1024 बफर म्हणजे जाताना 23 मिलिसेकंद, येताना 23, वर ड्रायव्हरचे थोडे. धरा 50. तेवढ्या वेळात आवाज हवेतून 17 मीटर जातो. मावशी स्वतःलाच गल्लीच्या पलीकडून ऐकतायत.

ट्रॅकवरचं मॉनिटरिंग बंद करा, डायरेक्ट चालू ठेवा. मग बफर 1024 असला तरी मावशींना फरक पडत नाही. ड्रायव्हर जेवढा उशीर सांगतो तेवढं रीपर रेकॉर्ड झालेला टेक मागे सरकवून जागेवर बसवतं.

आता मावशींना आवाज कोरडा लागेल. त्यावर तोडगा आहे. मॉनिटरिंग परत चालू करा, पण त्या ट्रॅकचा मास्टर सेंड, म्हणजे मुख्य आउटपुटकडे जाणारी वाट, काढून टाका. वेगळा एको ट्रॅक करा, त्यावर रीव्हरबेट (रीपरमधलाच एकोचा इफेक्ट) लावून ड्राय, म्हणजे कोरडा आवाज, पूर्ण खाली घ्या, आणि मावशींच्या ट्रॅकवरून तिकडे प्री-फेडर सेंड (ट्रॅकचा फेडर हलवला तरी न बदलणारा) द्या. कोरडा आवाज इंटरफेसमधून थेट येईल, लॅपटॉपमधून फक्त एको येईल. एको 50 मिलिसेकंद उशिरा आला तर कुणाला कळत नाही, देवळातही तो उशिराच येतो. फाइलमध्ये यातलं काही उतरत नाही, तिथे कोरडाच आवाज जातो. टेक ऐकवताना मास्टर सेंड परत चालू करायला विसरू नका. मी विसरलो होतो, नुसता एको वाजला आणि गायक माझ्याकडे बघत राहिला.

क्लिकचं भांडण वायमुळे आहे. वायने दोघांना एकच मिश्रण जातं. खरा उपाय चार आउटपुटचा इंटरफेस, पण तुमच्याकडे सोल्डरगन असेलच. वाय काढा, स्टिरिओ जॅकमधून डावं-उजवं वेगळं करणारी केबल बनवा. डावं मावशींना, उजवं भाच्याला. रीपरमध्ये इन्सर्ट मेनूतून क्लिक सोर्स टाका, म्हणजे क्लिकला स्वतःचा ट्रॅक मिळेल. तो पूर्ण उजवीकडे पॅन करा. डायरेक्ट मॉनिटर मोनोवर (डावी-उजवीकडे सारखाच) ठेवा, नाहीतर मावशींचा आवाज भाच्याकडे पोचणार नाही.

भाच्याच्या सॉकेटमध्ये टिप आणि रिंग (डाव्या आणि उजव्या कानाचे संपर्क) एकमेकांना जोडा, त्याला दोन्ही कानांत येईल. मावशींच्या सॉकेटला जोडू नका, फक्त डावा कप वाजू द्या. उजवा कप कानामागे सरकवायला सांगा. तो मुकाच असल्याने माइकमध्ये काही गळणारही नाही.

गाणारी ताई, नंदुरबार
मिक्सरवाले भाऊ सांगतात ते बरोबर, पण मला एक खटकतं. झोक्याचं गाणं क्लिकवर बसवताच कशाला? झोका वर जाताना बायका थोडं थांबतात, खाली येताना पळतात. क्लिक लावला की ते जाईल. आधी मावशींना नुसता हार्मोनियमचा सूर द्या, हळू, आणि एकटीला गाऊ द्या. ढोलकी नंतर.

आणि त्यांचा स्वतःचा आवाज कानात फार मोठा देऊ नका. मोठा ऐकू आला की गाणारी दबून गाते, कमी आला की घसा ताणते. दोन कडव्यांनी एकदा “पुरे का?” एवढंच विचारा. हेडफोन, लेव्हल असले शब्द नकोत.

मिक्सरवाला, धुळे
ताई, मान्य. पण मग ढोलकीवाल्याचे हाल आहेत.

मंडपवाला, अमळनेर
काल सकाळी सहाला बसलो, कूलरचा प्रश्नच आला नाही. केबल रात्रीच केली होती. दोनदाची तक्रार पहिल्याच टेकला गेली, डायरेक्टचं बटण खरंच चालू होतं. उजवा कप कानामागे, डाव्या कानात सूर आणि थोडा एको. क्लिक नाहीच. मावशी सलग सात गाणी गायली. ताई, “पुरे का” विचारल्यावर म्हणाली, “तो मंदिरवाला आवाज जास्ती दे.”

भाच्याने दुपारी त्यावर ढोलकी धरली. पहिली दोन बरी बसली, तिसऱ्यात मावशी कडव्याच्या शेवटी कुठे थांबते ते त्याला सापडेना. आता तो म्हणतो, मावशीचा आवाज वाढव, ढोलकी कमी कर, आणि थांबायच्या आधी कुणीतरी मला खूण कर. तर खुणेसाठी वेगळ्या ट्रॅकवर मीच आधी टाळ्या वाजवून ठेवू, की त्याला मावशीसमोर बसवूनच वाजवायला लावू? समोर बसवला तर ढोलकी तिच्या माइकमध्ये जाईल. तरी दुसरंच बरं वाटतंय.