लिफ्टचा ठराव आणि माझं तोंड
'मनात आलं की बोलून मोकळं व्हावं' हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. लिफ्टच्या खर्चाबद्दल मी त्याआधी जिन्यात, पार्किंगमध्ये, अगदी वाण्याकडेही बडबडलो. सभेत मात्र 'कशाला वाईटपणा घ्या' म्हणून गप्प. ठराव एकमताने मंजूर! म्हणजे माझंही मत त्यातच.

पुढच्या वर्षी विषय आला तेव्हाच उठलो, दोन वाक्यांत विरोध सांगितला आणि तो इतिवृत्तात नोंदवायला लावला. नंतर चहाच्या वेळी सेक्रेटरींनी टोमणा मारला, तेव्हा मुकाट्याने बिस्किट तोंडात घातलं. (मऊ पडलं होतं, तेही नाही बोललो.)

घरी हे जमत नाही. तिथे न बोललेलंही इतिवृत्तात जातं.