चिखलात रेडिएटर भरतो, गाडी तापते. पुढे जाळी लावावी का? (इंदूर)

धागाकर्ता

मंडळी, मदत हवी आहे. गाडी जुनी डिझेल जीप, फोर-बाय-फोर, एसीसकट. फॅन पट्ट्यावर फिरणारा, व्हिस्कस कपलिंगवाला (म्हणजे मधल्या घट्ट तेलातून जोर मिळणारा). पावसाळ्यात आमचं भटकणं सिमरोल-चोरलकडच्या शेतरस्त्यांवर असतं. माळव्याची काळी माती ज्यांनी तुडवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको: भिजली की फुगते, जिथे लागेल तिथे चिकटते आणि इंजिनच्या उष्णतेने वाळली की वीटच होते.

लो-रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर देणारा गिअर) चिखल कापताना तापमानाचा काटा चढायला लागतो. सपाट डांबरी रस्त्यावर आलं की उतरतो. परतीला भेरूघाट चढताना पुन्हा वर. एसी बंद करून हीटर फुल सोडला की थोडा खाली येतो, पण जुलैच्या दमटपणात हा उपाय घरच्यांना सांगून बघा!

समोरून पाहिलं तर ग्रिल स्वच्छ दिसते. कूलंटची पातळी ठीक, गळती नाही. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, "भिया, थर्मोस्टॅट निकाल दो, टंटा ही खतम." मला ते, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडपच काढणं, पटत नाही. एक मित्र ग्रिलमागे मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावायला सांगतो. लावू का? आणि रेडिएटर नीट धुवायचा कसा, गाडी न खोलता?

चिखलखोर

समोरून स्वच्छ दिसतं कारण समोर एसीचा कन्डेन्सर आहे, रेडिएटर त्याच्या मागे. त्या दोघांमधल्या फटीत बोनेट उघडून वरून मोबाइलचा टॉर्च मारा. निम्म्या उंचीपर्यंत माती बसलेली दिसली तर आश्चर्य वाटायला नको. ग्रिलमधून थोडीच येते. बाकीची पुढच्या चाकांनी उडवलेली असते किंवा बंपरखालून वर आलेली.

बारीक जाळी अजिबात नको. कोरड्या रस्त्यावर किडे नि गवताचं बी अडवायला ती बरी, पण चिखलात पहिल्या डबक्यातच लिंपून जाते आणि हवा पूर्ण बंद. लावायचीच तर मोठ्या छिद्रांची, खडे-काटक्या अडवण्यापुरती, आणि हाताने पटकन निघेल अशी. त्यापेक्षा चाकाच्या कमानीत चेसिस आणि मडगार्डमधली उघडी जागा जाड रबराने झाका. बंपरखाली शिंतोडे अडवणारी पट्टी असते, ती बहुतेक जुन्या गाड्यांची तुटून गेलेली असते. तीही बघा.

जुना मिस्त्री

थर्मोस्टॅट काढू नका. डिझेल इंजिन थंडच चाललं तर झीज वाढते, इंधन जास्त जातं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट उघडीच राहते, बरंच पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

तुमचं लक्षण हवेचं आहे. लो-रेंजला इंजिन जोरात, गाडी मुंगीच्या वेगाने, म्हणजे सगळी हवा फॅननेच ओढायची. तेव्हा फॅनही तपासा. इंजिन थंड आणि बंद असताना पाती हाताने फिरवा. थोडा जडपणा जाणवला पाहिजे. सोडल्यावरही गरगर फिरत राहिली किंवा कपलिंगवर तेलकट ओघळ दिसले तर आतलं सिलिकॉन तेल गेलं. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण कुणी काढून टाकलं असेल तर तेही परत बसवा.

धुलाई: इंजिन गार झाल्यावर माती आधी भिजवून मुरू द्या. मग बागेच्या पाइपने इंजिनकडून ग्रिलकडे पाणी मारा, म्हणजे माती आली त्याच वाटेने बाहेर जाईल. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर फिन (रेडिएटरचे पातळ पत्रे) वाकतात आणि वाकलेली फिन हवा अडवते. अल्टरनेटरवर पिशवी बांधायला विसरू नका. कन्डेन्सरचे बोल्ट सैल करून तो जरा पुढे झुकवता येतो. गॅसचे पाइप मात्र सोडायचे नाहीत.

घाटवाट

दोन गोष्टी माझ्याकडून. काटा चढला तर लगेच किल्ली फिरवू नका. कूलंट शाबूत असेल तर न्यूट्रलमध्ये जरा वाढीव आरपीएमवर चालू ठेवा, पंप आणि फॅन चालू राहतात. वाफ किंवा गळती दिसली तर मात्र ताबडतोब बंद. रेडिएटरचं तापलेलं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असो.

दुसरं म्हणजे झाकणाचं रबर बघा. अर्धं कूलंट, अर्धं पाणी आणि दाब धरणारं झाकण असेल तर उकळायला १२५ अंशांच्या आसपास जावं लागतं. नुसतं पाणी आणि सैल झाकण असेल तर इंदूरच्या साधारण ५५० मीटर उंचीवर ते ९८ लाच उकळतं.

खोल पाण्यातून जाताना काही जण ग्रिलवर ताडपत्री बांधतात, फॅनची पाती पाण्यात वाकून रेडिएटरला घासू नयेत म्हणून. पलीकडे पोचताच ती काढायची, नाहीतर त्यापायीच गाडी तापेल.

धागाकर्ता

टॉर्च मारला. फटीत खालचा अर्धा भाग मातीने बुजलेला आहे, वर वाळकं गवत. फॅनला जडपणा आहे, म्हणजे कपलिंग ठीक दिसतंय. थर्मोस्टॅट जागेवरच राहील, मिस्त्रीला काय सांगायचं ते बघतो. कमानीसाठी रबर किती जाड घ्यावं?

चिखलखोर

तीन-चार मिलिमीटर, आत कापड असलेलं. सियागंजात कन्व्हेयर पट्ट्याचे तुकडे मिळाले तर उत्तम. कापण्याआधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चाक घासत नाही ना ते पाहा.