मासेमारीबंदी उठल्यावर पहिल्याच फेरीला बोटीचं इंजिन तापतंय, हेड (इंजिनाचं वरचं झाकण) खोलू का?

हर्णैची बोट, 6 सिलेंडर. 31 जुलैपर्यंत अंजर्ल्याच्या खाडीत नांगरलेली होती. आता आयडलवर (लोड नसताना, हळू चालू) तापमानाचा काटा 78 डिग्रीला गप्प, पण जाळं ओढायला 1600 आरपीएम केले की दहा मिनिटात 98. थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) नवा टाकला, तरी तेच. मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलंय, हेड खोला. ऐन सीझनात बोट बांधून ठेवायची म्हणजे खलाशांचा पगार अंगावर. काय करू?

मालवणी_तांडेल: हेडला हात लावू नको रे! आधी सांग, धुराच्या पाइपातून पाणी किती पडतंय?

प्रश्नकर्ता: कमीच पडतंय, आणि वाफ दिसते.

मालवणी_तांडेल: मग खाऱ्या पाण्याची बाजू बघ, म्हणजे समुद्रातून पंपाने खेचून कूलरमधून धुराच्या पाइपातून बाहेर पडणारं पाणी. थर्मोस्टॅट तर गोड्या पाण्याच्या, म्हणजे इंजिनातच फिरणाऱ्या पाण्याच्या बाजूला असतो, तो बिघडला तरी बाहेर पडणारं खारं पाणी कमी होत नाही. तळाचा कॉक बंद कर, पाइप काढ आणि कॉक हळूच उघड, पाणी उसळून आत यायला हवं. नुसतं झिरपलं तर समज तोंडाशी शिंपल्या धरल्यात, खाडीत दोन महिने उभी होती ना. पाणी जोरात आलं तर मग पाण्याची गाळणी-जाळी, आणि पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक) बघ.

डिझेलवाला: गॅस्केटची शंका असेल तर इंजिन थंड असताना कूलरचं झाकण काढून स्टार्ट कर, गोड्या पाण्यात बुडबुडे येतच राहिले तर मिस्त्री खरा. गरम असताना झाकण उघडू नका हां, माझ्या हातावर अजून डाग आहे.

प्रश्नकर्ता: बुडबुडे नाहीत. कॉकला जोर आहे, जाळी साफ. पण इम्पेलरची तीन पाती गायब!!

मालवणी_तांडेल: नवा टाकून मोकळा होऊ नको, तिन्ही तुकडे सापडले पाहिजेत, नाहीतर ते कूलरच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकून परत तापणार. कूलर खोललास की जस्ताची कांडी (कूलरऐवजी स्वतः गंजते ती) पण बघ, अर्धी झिजली असेल तर बदल. आणि इम्पेलर बसवताना ग्लिसरीन लाव, ग्रीस नको, रबर फुगतं.

प्रश्नकर्ता: दोन तुकडे कूलरच्या तोंडाशी मिळाले, तिसरा एल्बोत (पाइपाच्या वाकड्या जोडात). काल पूर्ण लोडवर चार तास, काटा 82 च्या वर नाही. आता कळलं, जुलैत पोराने बॅटरी चार्ज करायला कॉक न उघडताच इंजिन चालवलेलं, तेही पंधरा मिनिटं, इम्पेलर कोरडाच फिरला 😡