शब्दचर्चा : चिनी ‘मडमेन’ला मराठीत काय म्हणावे?

रांजण : संग्रहाची नोंदवही मराठीत ठेवायची आहे. वस्तू म्हणजे ग्वांगडोंग प्रांतातल्या फोशानचे, शिवान भट्ट्यांचे जुने ‘मडमेन’, म्हणजे मातीची छोटी माणसे. ‘चिनी मातीच्या बाहुल्या’ चालेल?

आवा : नको. ‘चिनी माती’ म्हटले की पांढरी केओलिन आणि पोर्सेलिन डोळ्यांपुढे येते. शिवानची माती तपकिरी, जाडसर, लोणच्याच्या बरणीच्या जातीची. (बरणीलाही आपण चिनी मातीचीच म्हणतो, ते सोडा.) ‘शिवान, झिलईची पक्की माती’ लिहा. आणि बाहुली खेळायची, मूर्ती देव्हाऱ्यातली. म्हणून ‘पुतळी’ बरी.

रांजण : मग ‘रंगीत पुतळी’?

आवा : ‘रंगीत’ने घोटाळा होईल. अंगरख्यावर असते ती झिलई, म्हणजे भट्टीत वितळून बसलेला काचेसारखा थर. चेहरा आणि हात बहुधा कोरेच ठेवतात, कारण जाड झिलई ओघळून डोळे, सुरकुत्या, बोटे बुजवते. चेहऱ्यावर रंगाचा थर दिसला तर नंतरची डागडुजी आहे का ते पाहा. अतिनील टॉर्चखाली नवा रंग आणि गोंद पुष्कळदा वेगळे उठून दिसतात. आधी मान आणि बोटे तपासा.

पणती : चीनमधल्याच वूशी शहरातल्या हुइशान पुतळ्यांना ‘टेराकोटा’ म्हणतात तेही चूक. त्या भाजलेल्याच नसतात. वाळवून वर रंग देतात. विटांसारखे सरळ ‘कच्ची’ आणि ‘पक्की’ लिहावे. कच्चीला ओले फडके लावले की रंग सुटतो, मातीही विरघळते. मऊ कोरडा कुंचला, बस्स.

रांजण : ‘तडा’ आणि ‘टवका’ यांत फरक करावा का?

आवा : करायलाच हवा. टवका म्हणजे तुकडा उडालेला, आतली माती दिसते. तडा अंगात खोल जातो. तिसरी ‘जाळी’ : थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसली की तिच्यातच बारीक भेगा पडतात. जाळीला ‘फुटकी’ म्हणू नका.

पणती : ‘पुरातन’ही जपून. आपल्या १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू साधारणपणे किमान १०० वर्षांची लागते. तळाच्या ‘चायना’ ठशावरून वय ठरवू नका. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचे नाव लागू लागले, पण तसे ठसे पुढेही उमटत राहिले. ठसा नाही म्हणजे वस्तू त्याआधीची, असेही नाही. चीनमध्येच विकलेल्या मालाला त्याची गरज नव्हती. ‘तळाशी दाबीव ठसा’ एवढेच लिहा, वयाचा रकाना पेन्सिलीने भरा.