अंत्यविधीला इथलीच फुलं घालायची आहेत, कुठली घ्यावीत?

रंकाळाकाठ
विषय अवघड आहे, घरात उघड बोलता येत नाही म्हणून इथं विचारतोय. आई ८४ वर्षांची. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा.

गेल्या महिन्यात काकू गेल्या. कुणीतरी भलंमोठं पुष्पचक्र आणलेलं. ऑर्किड, जरबेरा, आत तो हिरवा स्पंज, वर चकचकीत रिबन. शेणी (गोवऱ्या) रचायच्या आधी ते बाजूला काढलं, पण हार तसेच राहिले. रक्षाविसर्जनाला राख सावडताना हाताला तारा लागल्या. आईला हे सांगायचं नव्हतं, पण ती खोदून खोदून विचारते. ऐकून म्हणाली, "माझ्यावर असलं काही घालू नका. आपल्याकडं पिकतंय तेवढंच घाला." मग जरा थांबून, "आणि केसात अबोली." वडील जाऊन १९ वर्षं झाली, तेव्हापासून तिनं फूल माळलेलं नाही.

आपल्यात माणूस गेल्यावर चार-पाच तासांत सगळं उरकतं. तेवढ्यात काय मिळेल?

पहाटेचा_फुलवाला
कोल्हापुरात जोतिबा रोडला बसतो, म्हणून सांगतो. निशिगंध जवळजवळ वर्षभर असतोय, फक्त कडाक्याच्या थंडीत कमी येतो. गलांडा कमी पाण्यावर येतो, कुणी त्याला भाव देत नाही, पण हाराला टिकाऊ. शेवंती थंडीतच घ्या. झेंडू दसरा-दिवाळीला महाग, एरवी परवडतो. ऑर्किड बरंचसं थायलंडहून विमानानं येतंय, ते सोडाच. हार सांगताना "सुती दोऱ्यात ओवा, तार नको, जर नको" असं आधीच बोला. न बोलल्यास आम्ही नायलॉनच लावतो, खोटं कशाला सांगू. तो हिरवा स्पंज प्लास्टिकच आहे, कुजत नाही, नुसता भुगा होतो. सगळ्यात सोपं म्हणजे हार दोन आणि बाकी सुट्टी फुलं, टोपलीभर.

अबोली मात्र मागितली की मिळेल असं नाही. मोगऱ्यासारखी ढिगानं येत नाही ती.

शिरोळकर
जवळचं म्हणजे चांगलंच असं धरू नका. आमच्याकडं पॉलिहाऊसमधला गुलाब आहे, त्यावर फवारण्या किती होतात ते मी बघतो. त्यापेक्षा बांधावरचा झेंडू बरा.

अबोलीचं म्हणाल तर कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. आमच्या तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, पुढं सरकारनं इतर गावांनाही तसंच करायला सांगितलं. आणि ठराव नसता तरी काय? आईचं डोकं, आईची फुलं.

गंगावेशवाला
पाहुण्यांना निरोप देतानाच सांगा, पुष्पचक्र नको, आणायचंच असेल तर शेणी आणा. पंचगंगा स्मशानभूमीत लोक शेणी दान देतात, होळीला तर मोहीमच असते. आमच्या वडिलांच्या वेळी पाहुण्यांनी टेम्पो भरून आणल्या. थोरल्या आत्याला आवडलं नाही, ती हार घेऊनच आली. तिचा हार घातला. तिथं वाद नको.

रक्षा नदीत सोडू नका, शेतात खड्डा काढून घाला. उरलेली फुलंही त्यातच.

रंकाळाकाठ
सगळ्यांचे आभार. फुलवाले दादा, सुती दोऱ्याचं लिहून ठेवलं. शेणीचं धाकट्या भावाला सांगितलं, तो चिडला, "आई जिवंत आहे अजून." बरोबर आहे त्याचं. तरी निरोपाचा मजकूर तयार करून फोनमध्ये ठेवलाय.

काल रोपवाटिकेतनं अबोलीची दोन रोपं आणून आईच्या खिडकीत ठेवली. एकाला फुलं होती. आईनं खुडायला लावली, मोजली, नऊ निघाली. म्हणाली, "नवाचा गजरा होतोय व्हय? आणखी चार रोपं आण." आज परत जातोय.